इझाकाया: साखळीतली की गल्लीतली?

टोकियोला निघालेली मैत्रीण विचारते, इझाकायात, म्हणजे दारूसोबत छोटे पदार्थ मिळणाऱ्या जपानी खानावळीत, एकच संध्याकाळ मिळणार, तर तोरिकिझोकूसारख्या अनेक शाखांच्या साखळीत जाऊ की शिंजुकू भागातल्या ओमोइदे योकोचो या गल्लीतल्या चिंचोळ्या दुकानात?

खर्चात साखळी सरळ. तोरिकिझोकूत जवळपास सगळं एकाच दराला. छोट्या दुकानात बसल्याबसल्या न मागवलेली एक वाटी समोर येते, ती ओतोशी. तिचे माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. ही फसवणूक नव्हे, तिथली रीत आहे. हुज्जत घालू नये. टिप कुठेच द्यायची नसते. गल्लीत जाताना रोख रक्कम जवळ असू द्या.

भाषेची अडचण साखळीत फारशी नाही, टॅब्लेटवर चित्रं बघून मागवता येतं. गल्लीत मेनू बऱ्याचदा हाताने लिहिलेला, आणि ‘सुमिमासेन!’ (‘जरा ऐकता का!’) अशी मोकळी हाक मारावी लागते. पण तिथे काउंटरपलीकडे वीतभर अंतरावर कोळशावर याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेलं चिकन, उलटली जाते, मीठ लावून हवी की गोडसर तारे सॉसमध्ये, हे विचारलं जातं. ही मजा टॅब्लेटवर नाही. सिगारेटचा धूर मात्र सोसावा लागू शकतो. २०२० पासूनच्या धूम्रपानबंदीतून काही जुन्या छोट्या दुकानांना सूट आहे.

शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे पंचाईत. थंड तोफूवरही बहुधा माशाचा कीस असतो. एदामामे, म्हणजे उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, निर्धास्त खा.

मुलं, मोठा गट किंवा मोजकं बजेट असेल तर साखळी. एकटे-दुकटे असाल आणि मासे-मांस चालत असेल, तर गल्लीच.