गॅन्सिक्लोविर जेल की असायक्लोविरच्या गोळ्या?

श्योग्रेन विकाराने (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळग्रंथींवर हल्ला करते) डोळे कोरडे पडलेल्या मावशीच्या बुबुळावर हर्पिस विषाणूचा फांद्या फुटल्यासारखा व्रण उठला, तेव्हा या दोन विषाणूरोधक औषधांपैकी कोणते, हा प्रश्न पडला. ०.१५ टक्के गॅन्सिक्लोविर जेल दिवसातून ५ वेळा, व्रण भरल्यावर ७ दिवस ३ वेळा घालतात. औषध थेट व्रणावर पोचते, परंतु त्यात सहसा असणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक (औषध टिकवणारे रसायन) अश्रूंअभावी नीट धुऊन जात नाही आणि आधीच नाजूक झालेल्या पृष्ठभागाला आणखी इजा करते. असायक्लोविरची ४०० मिलिग्रॅमची गोळीही ५ वेळाच, पण डोळ्याला स्पर्श न करता. शिवाय सांधे आखडलेल्या मावशीला जेलची नळी दाबणेही जड जात होते. मूत्रपिंड अशक्त असल्यास मात्र गोळीची मात्रा घटवावी लागते. म्हणून तीव्र कोरडेपणात गोळ्या, तर मूत्रपिंडाचा त्रास असून डोळ्यांत पुरेसा ओलावा असल्यास जेल, असे नेत्रतज्ज्ञांशी बोलून ठरवावे.