"टोपी कर, सोपी असते": पाच महिने आणि सहा टोप्यांनंतर

क्रोशाची सुई नुकती हातात घेतलेल्या प्रत्येकाला जो सल्ला मिळतो तोच मलाही मिळाला: टोपी कर, सोपी असते. त्याला आता पाच महिने झाले. सहा टोप्या झाल्या. त्यातल्या तीन रोज वापरात आहेत, एक कपाटात पडून आहे, एक पूर्ण उसवली, आणि एकीला टोपी म्हणायचं की आणखी काही, यावर घरात अजून एकमत नाही. हा अनुभव लिहितोय तो मुख्यतः त्या शेवटच्या तिघींमुळे.

सामान फार लागत नाही. ५ मिलिमीटरची सुई, मध्यम जाडीच्या लोकरीचा १०० ग्रॅमचा एक गुंडा, कात्री, मापाची टेप आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई. मोठ्या माणसाची साधी टोपी एका गुंड्यात होते आणि थोडी लोकर उरतेही. स्टिच मार्कर (टाक्याची खूण) म्हणून मी अजूनही सेफ्टी पिनच वापरतो, काही अडत नाही. सुई मात्र बदलावी लागली. पहिली सडपातळ ॲल्युमिनियमची होती. ती मी इतकी आवळून धरायचो की तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. रबराच्या जाड मुठीची सुई घेतल्यावर दुखणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं सुई पेनसारखी धरायचं सोडून सुरीसारखी धरायला लागल्यावर गेलं. ज्याला जे जमेल ते.

लोकरीचा रंग हा हौसेचा भाग आहे असं मला वाटायचं. टोपी म्हणून गडद निळा रंग आणला. रात्री दिव्याखाली बसलो तर विणलेल्या भागात टाका कुठे संपतो आणि भोक कुठे सुरू होतं तेच दिसेना. तिसऱ्या फेरीत नाद सोडला आणि दुसऱ्या दिवशी फिकट राखाडी घेतली. केसाळ, मखमली लोकरीचीही तीच गत: बघायला छान, पण टाके दिसत नाहीत, आणि उसवायला गेलं की केस एकमेकांत अडकून बसतात. पहिली टोपी उसवावी लागणारच आहे, तेव्हा गुळगुळीत आणि फिकट लोकर घ्या.

आता पहिल्या टोपीची कथा. पॅटर्न सोपा होता: मधल्या कड्यात सहा टाके, मग दर फेरीत सहा वाढवत जायचं, हवी तेवढी रुंदी आली की वाढ थांबवून सरळ विणायचं. टाका लिहिला होता डबल क्रोशे. आपल्याकडे ज्याला खांब म्हणतात तो उंच टाका मला येत होता, तोच घातला. चौथ्या फेरीपर्यंत तबकडी व्हायच्या ऐवजी खोलगट वाटी झाली, सहाव्या फेरीत नरसाळं. मी मात्र मोजलेले टाके बरोबर आहेत या आनंदात शेवटपर्यंत विणत गेलो.

पॅटर्न ब्रिटिश होता. ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, म्हणजेच आपला मुका खांब, बुटका. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. नाव एकच आणि टाके दोन. तेही असे की एकाची उंची दुसऱ्याच्या दुप्पट. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल' हा शब्द दिसला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश नावांत सिंगल येतच नाही असं म्हटलं तरी चालेल. 'ट्रेबल'वर भर असेल तर बहुधा ब्रिटिश. एवढं आधी बघितलं असतं तर घरात एक नरसाळं कमी असतं.

पण उंच टाका घातला म्हणून टोपी वाटीसारखी का झाली, हे कळेपर्यंत मला चैन नव्हतं, आणि ते कळलं तिथून पुढचं सगळं सोपं गेलं. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या साधारण सव्वासहा पट परीघ वाढतो. दोन गुणिले पाय, शाळेतलंच. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणजे एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परिघात सहा टाके जास्त लागतात. म्हणून सहाची वाढ. पूर्ण खांब दुप्पट उंच, म्हणून त्याला बाराची. अर्धा खांब मधला, त्याला आठ. मी बाराच्या जागी सहाच वाढवत होतो. परिघाला लोकर पुरेना, तेव्हा कडा वर उचलली गेली. टोपीतली सगळी भूमिती एवढीच आहे. पॅटर्न हरवला तरी चालतो.

दुसऱ्या टोपीला उलटा आजार. आता अर्धा खांब घेतला होता, आठची वाढ, सगळं नियमात. अर्ध्या खांबाबद्दल इथे दोन शब्द, कारण नवख्यासाठी याहून चांगला टाका मला सापडलेला नाही. सुईला एक वेढा घ्यायचा, खालच्या टाक्याच्या डोक्यावरच्या दोन्ही पाकळ्यांखालून सुई घालायची, धागा ओढून आणायचा. सुईवर तीन फास दिसतात. पुन्हा वेढा, आणि तिन्हींतून एकदम बाहेर. मुक्या खांबाइतका कडक नाही, पूर्ण खांबाइतका जाळीदार नाही, आणि फेऱ्या भराभर चढतात.

चूक झाली ती फेरी जोडताना. स्लिप स्टिचने, म्हणजे फेरीची दोन टोकं जोडणाऱ्या टाक्याने, फेरी बंद केली की त्या जोडाचं डोकंही टाक्यासारखंच दिसतं, आणि मी दर फेरीत इमानदारीने त्यातही एक खांब घालत होतो. एका फेरीत एक टाका जास्त, कळतसुद्धा नाही. नवव्या फेरीअखेर ७२ हवे होते, निघाले ८१. कडेला झालर सुटायला लागली होती आणि टोपी माझ्या डोक्यावरून थेट नाकावर. ती उसवली. (अशी झालर मुद्दाम विणणारे लोकही आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ साली क्रोशातूनच हायपरबोलिक प्रतल, म्हणजे गणितातलं कडेकडे झालरीसारखं पसरत जाणारं पृष्ठ, विणून दाखवलं. कागदाचं मॉडेल हाताळलं की फाटायचं, लोकरीचं टिकलं. माझी दुसरी टोपी त्या दिशेने निघाली होती, एवढंच.)

तेव्हापासून फेरीचा पहिला टाका घातला की लगेच त्यात पिन अडकवतो. शेवटचा टाका पिनेच्या आधीचा, बस. आणि माथा होईपर्यंत प्रत्येक फेरी मोजतो. कंटाळा येतो, पण नऊ फेऱ्या उसवण्याचा कंटाळा याहून मोठा असतो.

तिसरी टोपी मापाने केली. धाकट्या भावाचं डोकं ५७ सेंटीमीटर भरलं. टोपी डोक्याएवढी करायची नसते, चार-पाच सेंटीमीटर कमी करायची, म्हणजे ती ताणून बसते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हाताने १० सेंटीमीटरमध्ये १४ अर्धे खांब बसतात. ५३ सेंटीमीटरला ७४ टाके लागतात. आठच्या पाढ्यात जवळचा आकडा ७२, म्हणजे ५१ च्या आसपास. लोकर ताणते, चालून जातं. हेच ७२ टाके सैल हाताच्या माणसाने, १० सेंटीमीटरला १२ या हिशेबाने घातले तर टोपी ६० ची होईल. पॅटर्नमधला टाक्यांचा आकडा म्हणजे लिहिणाऱ्याचा हात असतो, आपला नव्हे.

हाताचं माप कळायला आधी चौकोनी नमुना विणून बघा असं सगळे सांगतात, मी एकदाच विणला. टोपीसाठी माथ्याची तबकडी हाच नमुना धरतो. ती सपाट ठेवायची, न ताणता व्यास मोजायचा, ३.१४ ने गुणायचं. १६ ते साडेसोळा सेंटीमीटर व्यासाला परीघ ५० ते ५२ येतो, मोठ्या माणसाला तेवढा पुरतो. तिथे वाढ थांबवायची. मग खाली १४ सरळ फेऱ्या. माथ्याच्या मधोमध ते कडेपर्यंत २० ते २१ सेंटीमीटर झालं की कान झाकतात. एक बारीक गोष्ट: प्रत्येक फेरीत वाढ एकाच जागी आली तर माथ्याला कोपरे पडतात, अष्टकोन दिसतो. एकाआड एक फेरीत वाढ दोन-तीन टाके पुढे सरकवली की माथा गोल.

ही टोपी बसली. भावाने तीन आठवडे घातली, मग धुतली, आणि वाळत घालताना बघतो तर मध्यभागी करंगळी जाईल एवढं भोक. मॅजिक रिंग, म्हणजे सुरुवातीचं धाग्याचं कडं, ओढून बंद केली होती आणि शेपूट, म्हणजे धाग्याचं उरलेलं टोक, दोन सेंटीमीटरवर कापून टाकलं होतं, कारण ते बाहेर डोकावत होतं. लोकर ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम होती. ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, गाठही हळूहळू सुटते. आता दोन्ही शेपटं पंधरा-वीस सेंटीमीटर ठेवतो. बोथट सुईत ओवून रिंगभोवती दोनदा फिरवतो, मग एका दिशेने चार-पाच टाक्यांच्या पोटातून, तिथून वळून उलट दिशेने. दिशा बदलली नाही तर धागा आला तसाच निघून जातो. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि विणकामातलं सगळ्यात नावडतं काम हेच. भोक मी मागाहून शिवलं, पण वेगळ्या छटेची लोकर वापरल्यामुळे ते अजून दिसतं.

चौथी आणि पाचवी टोपी गोल विणली नाही. आडवा आयत विणायचा, प्रत्येक ओळीत टाक्याच्या फक्त मागच्या पाकळीतून. त्याने रिबसारख्या उभ्या पट्ट्या पडतात आणि कापड छान ताणतं. कड दुमडायची असेल तर ओळीची लांबी २६ सेंटीमीटर. आयताची रुंदी ५० झाली की दोन्ही टोकं जोडायची आणि वरची कड धाग्याने आवळून बंद. ना वाढ, ना कडं, ना भूमिती. खरं तर अगदी नवख्याला मी हीच सांगेन. तोटा एक: वर लोकरीचा गठ्ठा जमतो. प्रत्येक ओळीतले माथ्याकडचे चार-पाच टाके अर्ध्या खांबाऐवजी मुके घातले की तिकडची बाजू आखूड होते आणि गठ्ठा बराच कमी होतो. बाबा चौथी रोज घालतात. आधी "माझ्यासाठी कशाला" म्हणाले होते, आता कुणी हात लावला तर विचारतात.

पाचवी माझ्या हातून मेली. पट्ट्या जरा वाकड्या वाटल्या म्हणून वाफेची इस्त्री टेकवली. फक्त टेकवली. ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या घरातलं. उष्णतेने त्याचा ताण गेला तो गेलाच. रिबचा स्प्रिंगपणा जाऊन ती ओल्या फडक्यासारखी लोंबते. वाफ द्यायचीच असेल तर इस्त्री चार बोटं वर धरून, आणि खरं तर नकोच.

वापरातल्या तक्रारी. वारा आत येतो. क्रोशाच्या विणीत भोकं असतातच, त्यामुळे नुसत्या थंडीत ऊब उत्तम, पण दुचाकीवर कपाळ गार पडतं. आतून फ्लीसची पट्टी शिवली तर फरक पडतो. दुसरं, ॲक्रिलिकची टोपी दोन-तीन महिन्यांत सैलावते. तिसरीची शेवटची फेरी उसवून ४ मिलिमीटरच्या सुईने पुन्हा घातली, आता घट्ट आहे. तिसरं, जाकिटाची कॉलर घासते तिथे गोळे येतात.

सहावी खऱ्या लोकरीची केली. ती सैलावली की गार पाण्यात बुडवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवली की परत मापात येते. कपाळाला पहिले आठ दिवस टोचली, नंतर एक तर ती मऊ झाली किंवा मी. गरम पाणी आणि मशीन हिला वर्ज्य, आटून नमदा होईल.

हातावेगळी व्हायला आता साडेतीन-चार तास लागतात. पहिलीला आठवडा लागला होता. क्रोशाची एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून आवडली. सुईवर एका वेळी जिवंत फास एकच असतो. मध्येच उठलो, सुई निसटली, तरी एक-दोन टाकेच सुटतात. त्या फासात पिन अडकवून ठेवली की आठवड्यानेही काम तिथेच मिळतं.

सध्या सातवी चालू आहे. भाचीचं डोकं ५१ सेंटीमीटर, म्हणून ६४ टाक्यांवर वाढ थांबवणार आहे. ती भावाची टोपी घालून बघत होती, आणि ते शिवलेलं भोक पुन्हा उसवून दे म्हणाली: पोनी बाहेर काढायला. मॅजिक रिंगच्या ऐवजी केसांचा रबर घेतलाय, त्याच्याभोवतीच पहिल्या फेरीचे २४ टाके घातलेत. शेपूट वीस सेंटीमीटर ठेवलंय.