बायर्न की डॉर्टमंड : निवडीआधी खेळाडूंची ये-जा पाहावी

जर्मन फुटबॉल काही काळ पाहिल्यावर नुसत्या लीगवर मन भरत नाही आणि एखादा क्लब आपला म्हणावा असे वाटू लागते, तेव्हा बहुतेकांची निवड बायर्न म्युनिक आणि बोरुसिया डॉर्टमंड या दोघांपाशी येऊन अडते. लेव्हरकुसेनने २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकली, तेव्हा तिसरा पर्याय उभा राहिल्यासारखे वाटले होते. पण २०२५ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक शाबी अलोन्सो माद्रिदला गेला, विर्ट्झ लिव्हरपूलला गेला, योनाथन टाह बायर्नमध्ये दाखल झाला आणि प्रश्न पुन्हा जुन्या जोडीवर आला. दोन्ही क्लबांच्या कपाटात चषक किती आणि मैदानांत प्रेक्षक किती मावतात, हे वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. दोन्ही संघ मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि माझी निवड करून झाली आहे. ती इतरांनी स्वीकारावी असा आग्रह नाही. मात्र ज्या एका त्रासामुळे ती झाली, तो निवड करताना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आधी डॉर्टमंडची बाजू मांडणे न्याय्य ठरेल, कारण पहिल्या काही सामन्यांत मन जिंकतो तो हाच संघ. दक्षिण स्टँडमध्ये उभे राहून गाणारे जवळपास पंचवीस हजार लोक दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनही अंगावर येतात, आणि संघाचा खेळही त्या आवाजाला साजेसा, पुढे धावणारा आणि प्रसंगी स्वतःच्याच बचावाचा विसर पडलेला असतो. जानेवारी २०२० मध्ये आउग्सबुर्गविरुद्ध ३-१ असा पिछाडीवर असलेला हा संघ एकोणीस वर्षांच्या एर्लिंग हालंडला बदली खेळाडू म्हणून उतरवतो, तो पदार्पणातच तीन गोल करतो आणि सामना ५-३ असा जिंकला जातो. अशी दुपार बायर्नच्या पाठीराख्याला फार क्वचित मिळते, कारण बायर्न मुळात ३-१ असा पिछाडीवर फारसा नसतोच. तरुण खेळाडू हेरण्यात आणि त्याला लगेच मोठ्या सामन्यांत उतरवण्यात डॉर्टमंडचा हात धरणारे क्लब युरोपात मोजकेच असतील.

त्रास सुरू होतो तो यानंतर. डॉर्टमंडचा एखादा विशीतला खेळाडू बहरात आला की साधारण फेब्रुवारीपासून त्याचे नाव दुसऱ्या कुठल्या तरी क्लबाला जोडूनच घेतले जाते. समालोचक सामना चालू असताना त्याच्या रिलीज क्लॉजची, म्हणजे ठरलेली रक्कम मोजल्यास खेळाडू सोडावाच लागतो अशा करारातल्या अटीची, चर्चा करतात आणि त्याने गोल केला की आनंदाच्या पाठोपाठ मनात विचार येतो, की याची किंमत आणखी वाढली. माझ्यासाठी हा सर्वांत मोठा अडथळा ठरला. आपल्याच खेळाडूचा उत्तम खेळ पाहताना काळजी वाटू लागावी, ही पाठीराख्याची स्थिती मला फार विचित्र वाटते. हालंडने त्या क्लबासाठी ८९ सामन्यांत ८६ गोल केले, पण त्यातला मोठा काळ तो कुठे जाणार या एकाच प्रश्नाच्या सावलीत गेला आणि २०२२ मध्ये तो मँचेस्टर सिटीत गेलाच. त्याच्या आधी डेम्बेले होता. २०१६ मध्ये आलेला हा खेळाडू पुढच्याच वर्षी सरावाला गैरहजर राहून, निलंबन ओढवून घेऊन, अखेर दहा कोटी युरोंहून अधिक रकमेला बार्सिलोनाकडे गेला. पुलिसिक, सँचो, बेलिंगहॅम ही नावेही त्याच वाटेची. हिशेबाच्या दृष्टीने यात क्लबाचे काहीच चुकत नाही. २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परतलेल्या संस्थेने स्वस्तात घेऊन महाग विकावे, हे शहाणपणच. परंतु पाठीराखा ताळेबंद पाहायला बसत नाही.

आता कोणी म्हणेल, की खेळाडू जातात तसे परतही येतात, आणि परतणाऱ्याचे स्वागत करण्यात डॉर्टमंडइतका मोठ्या मनाचा क्लब दुसरा नाही. ते खरेच आहे. मात्र ती यादी एकदा शांतपणे वाचावी. नुरी शाहीन २०१०-११ च्या विजेत्या संघाचा कणा होता. तो माद्रिदला गेला, तिथे फारशी संधी न मिळाल्याने लिव्हरपूलमार्गे जानेवारी २०१३ मध्ये लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, परतला. दोन विजेतेपदांचा मानकरी शिन्जी कागावा मँचेस्टर युनायटेडमधून २०१४ मध्ये परतला, आणि तो हंगाम असा गेला की फेब्रुवारीत संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता आणि हंगाम संपताच प्रशिक्षक क्लॉपने निरोप घेतला. मारियो गोट्झेची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमधील रिअल माद्रिदविरुद्धच्या उपांत्य लढतीच्या आदल्या दिवशी, २३ एप्रिल २०१३ रोजी, तो ३.७ कोटी युरोंच्या रिलीज क्लॉजवर बायर्नकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल त्याने बायर्नचा खेळाडू म्हणून केला. आणि २०१६ मध्ये तो डॉर्टमंडला परतला तेव्हा काही महिन्यांतच चयापचयाच्या विकारामुळे त्याला मैदानाबाहेर बसावे लागले. तिघांनाही प्रेम भरभरून मिळाले, पण जाण्यापूर्वीचा खेळ त्यांच्यापैकी कोणाकडूनच फार काळ पाहायला मिळाला नाही. शाहीन पुढे २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणूनही परतला आणि सात-आठ महिन्यांत पायउतार झाला, हे जाता जाता नोंदवतो.

बायर्नकडेही परतणारे खेळाडू आहेत, पण त्यांच्या जाण्या-येण्याची वेळ वेगळी असते आणि माझ्या मते दोन्ही क्लबांतला खरा फरक याच ठिकाणी आहे. फिलिप लाम दोन हंगाम श्टुटगार्टला लोनवर खेळून २००५ मध्ये परतला आणि २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. टोनी क्रूस लेव्हरकुसेनमध्ये आणि डेव्हिड अलाबा हॉफेनहाइममध्ये असेच घडून परतले. म्हणजे बायर्न खेळाडूला बहरण्यापूर्वी बाहेर पाठवतो आणि बहराच्या वेळी घरी आणतो. डॉर्टमंड त्याला ऐन बहरात विकतो आणि बहर ओसरल्यावर परत घेतो. ज्याला संघाच्या एकाच हंगामात रस आहे त्याला हा फरक जाणवणार नाही. ज्याला दहा वर्षे एकाच संघाबरोबर काढायची आहेत, त्याच्यासाठी मात्र हा फरक सर्व चषकांपेक्षा मोठा ठरू शकतो.

या मांडणीला दोन ठळक अपवाद आहेत आणि ते लपवणे योग्य होणार नाही. पहिला मार्को रॉइस. डॉर्टमंडच्याच अकादमीतून बाहेर पडलेला हा खेळाडू २०१२ मध्ये परतला आणि बारा वर्षे राहिला. जर्मन कप त्याने जिंकला, लीग मात्र एकदाही नाही. दुसरा मॅट्स हुमेल्स, आणि इथे तर बायर्नचाच अंदाज चुकला होता. आपल्या अकादमीत घडलेला हा बचावपटू त्यांनी २००८ मध्ये डॉर्टमंडला लोनवर दिला, पुढच्या वर्षी सुमारे चाळीस लाख युरोंना विकून टाकला, २०१६ मध्ये त्याच्या कित्येक पट पैसे मोजून परत आणला आणि २०१९ मध्ये पुन्हा डॉर्टमंडलाच दिला. मे २०२४ मध्ये पॅरिसला, पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या परतीच्या लढतीत त्याच हुमेल्सच्या हेडरने डॉर्टमंडला अंतिम फेरीत नेले. पहिल्या लढतीत पॅरिसच्या बचावाला नाचवणारा सँचो हाही मँचेस्टरहून लोनवर परतलेलाच होता. परतलेल्या खेळाडूंनी क्लबाला याहून अधिक काय द्यावे?

तरीही वेम्बलीवरचा तो अंतिम सामना आठवून पाहावा. पहिला अर्धा भाग पूर्णपणे डॉर्टमंडचा होता, फ्युलक्रूगचा फटका खांबाला लागला, अडेयमीच्या संधी हुकल्या, आणि मग रिअल माद्रिदने शेवटच्या सोळा-सतरा मिनिटांत दोन गोल केले. त्यातल्या दुसऱ्या गोलसाठी व्हिनिशियसला चेंडू दिला तो ज्यूड बेलिंगहॅमने, म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत पिवळ्या जर्सीत असलेल्या खेळाडूने. जुने परतले होते खरे, पण ऐन उमेदीचा खेळाडू समोरच्या संघात होता. त्या सामन्यापूर्वीच माझा कल ठरत आला होता. त्या गोलनंतर तो डॉर्टमंडकडे वळण्याची शक्यता उरली नाही. पहिला गोल ज्याच्या कॉर्नरवरून झाला तो क्रूस बायर्ननेच २०१४ मध्ये तुलनेने किरकोळ रकमेला जाऊ दिला होता, हेही इथे सांगायलाच हवे.

बायर्नमध्ये सारे आलबेल असते असे अर्थातच नाही. २०१३ पासून सलग अकरा विजेतेपदे म्हणजे अनेक हंगामांत वसंत ऋतूपूर्वीच उत्सुकता संपलेली. २०१४ मध्ये तर मार्चमध्येच लीगचा निकाल लागला होता. गोट्झेपाठोपाठ लेवांडोवस्कीला विनाशुल्क आणि मग हुमेल्सला घेऊन प्रतिस्पर्ध्यालाच दुबळे करण्याची रीत ज्यांना खटकते, त्यांचा आक्षेप मी खोडून काढणार नाही. शिवाय या क्लबाच्या व्यवस्थापनात कमालीचा गोंगाट असतो. मे २०२३ मध्ये शेवटच्या दिवशी माइन्सविरुद्धच्या बरोबरीने डॉर्टमंडच्या हातून विजेतेपद निसटले, इकडे मुसियालाच्या ८९ व्या मिनिटाच्या गोलमुळे बायर्नने ते केवळ गोलफरकावर मिळवले, आणि त्याच दिवशी बायर्नने कान आणि सालिहामिजिच या दोन पदाधिकाऱ्यांना नारळ दिला! अलाबा विनाशुल्क गेला, लेवांडोवस्की नाराज होऊन गेला, आणि थॉमस म्युलरला पंचवीस वर्षांनंतर नवा करार न देता निरोप दिला गेला. हे सगळे खरे. पण म्युलरचा संपूर्ण बहर आणि त्यानंतरचा उतारही पाठीराख्यांना त्याच जर्सीत पाहता आला. लामचा तसाच, श्वाइनश्टायगरचा जवळजवळ तसाच. जमाल मुसियालाने २०२५ च्या आरंभी २०३० पर्यंतचा करार केला, तेव्हा पुढची काही वर्षे त्याच्या गोलचा आनंद निर्धास्तपणे घेता येईल असे मला वाटले, आणि तेवढी निश्चिंती मला पुरेशी आहे.

आठवड्याअखेरच्या नव्वद मिनिटांत छातीत धडधड हवी असेल आणि संघातले चेहरे दर दोन वर्षांनी बदलण्याची सवय करून घेता येत असेल, तर डॉर्टमंडच घ्यावे. तिथला सामना कंटाळवाणा क्वचितच होतो. एखादा खेळाडू अकादमीतून येताना पाहावा, त्याची चाल, त्याच्या खोडी, त्याचे चुकणे ओळखीचे व्हावे आणि तो थकेपर्यंत आपल्याच संघात असावा, अशी इच्छा असेल तर मला बायर्न अधिक बरे वाटते, लीगमधली चुरस कमी असली तरी. एक छोटी सूचना मात्र डॉर्टमंड निवडणाऱ्यांसाठी आहे : अठरा-एकोणीस वर्षांच्या आघाडीवीरावर जीव लावण्याआधी त्याच्या करारात रिलीज क्लॉज आहे का, याच्या बातम्या वाचाव्यात, आणि जर्सीवर नाव घालायचेच असेल तर २०२१ पासून तिथे असलेल्या गोलरक्षक ग्रेगोर कोबेलसारख्याचा विचार करावा, कारण गोलरक्षक सहसा इतक्या घाईने विकले जात नाहीत.