खारबांध फुटलाय, आता काय? परत भात, कांदळाची लागवड की नुसतं पाणी येऊ द्यायचं

माझं आजोळ पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात. गेल्या पावसाळ्यात उधाणाला (मोठ्या भरतीला) खारबांधाला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला, खांड गेली (भगदाड पडलं) आणि मामाच्या दोन एकरांत आता भरतीला गुडघाभर खारं पाणी असतं. मामा म्हणतो बांध घालू, मावसभाऊ म्हणतो कांदळ (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, मँग्रोव्ह) लावू काहीतरी अनुदान मिळेल, आणि मामी म्हणते राहू दे तसंच. या तिघांच्या भांडणातून मला जे कळलं ते लिहितोय, तुमचीही जमीन खाडीला लागून असेल तर उपयोगी पडेल.

आधी घाईचं बोलतो. खारं पाणी रोज आत यायला लागलं की दोनेक वर्षांत तिवर (कांदळातलंच एक झाड) आपोआप उगवायला लागतं आणि एकदा कांदळवन झालं की सातबारा तुमच्या नावावर असला तरी त्याला हात लावता येत नाही. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, जमीन कुणाचीही असो तोड करायची नाही आणि कांदळवनाच्या ५० मीटरच्या आत बांधकाम नाही. म्हणजे भातच करायचं असेल तर याच उन्हाळ्यात काय ते ठरवा, 'बघू पुढच्या वर्षी' म्हटलंत की तुमच्या वतीने तिवरच ठरवून मोकळं.

बांध परत घालणं हे ऐकायला सरळ वाटतं, तसं ते नाहीये. मातीचा बांध म्हणजे रोजचं काम. खेकड्याचं एक बीळ आरपार गेलं की झिरपतं, मग उधाणाला तिथेच भगदाड. उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराचं, तर अजूनच नाजूक, ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं आणि भरतीला बाहेरच्या दाबाने झडप मिटते, एवढं साधं, पण एक फळी कुजली की आख्खं शेत गेलं. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर यायचा. आता गावात म्हातारी माणसं, बाकीचे पनवेल-मुंबईला, आणि बांध शेजाऱ्याच्या हद्दीत फुटला तरी पाणी तुमच्याच शेतात येतं, त्यामुळे एकट्याने घालून फायदा नाही. आमचा दुरुस्तीचा अर्ज एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरतोय ते वेगळंच. बांध झालाच तरी मीठ धुवून जायला दोन-तीन पावसाळे धरा, तोवर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची पनवेल १, २, ३ ही वाणं किंवा जुना राता भात घ्या, बाकी भात करपतो. पण गावात वीस-पंचवीस माणसं खरंच उभी राहणार असतील तर हाच पर्याय, कारण खायला तांदूळ यातूनच मिळतो.

कांदळ लावणं. फोटो छान येतात. शेंगा चिखलात खोचायच्या, बॅनर, चहा-बिस्कीट. आमच्या पलीकडच्या खाडीत असं केलं होतं, उघड्या चिखलावर, अगदी पाण्याच्या कडेला. वर्षाने बघितलं तर काठ्या उभ्या, त्यांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं आणि रोपांवर पांढरे खडबडीत शिंपले चिकटलेले, जगलेली रोपं बोटावर मोजण्याइतकी. वर तो चिखल म्हणजे बायकांची निवट्या (चिखलातले मासे) आणि तिसऱ्या (शिंपल्या) धरायची जागा, थंडीत पाहुणे पक्षी पण तिथेच चरतात. तिथे आपणहून झाड येत नव्हतं तर त्याला काहीतरी कारण होतं ना! जवळपास बी देणारं एकही झाड उरलं नसेल तरच लागवडीला अर्थ आहे असं माझं मत.

राहिलं पाणी येऊ देणं. फुकट आहे, बिया भरतीबरोबर आपल्या आपण येतात, फक्त पाणी आत यायला हवं तसं ओहोटीला बाहेर पण जायला हवं, साचून राहिलं की काहीच जगत नाही. मी काय केलं, तिवर वाढतं त्या उंचीला आपलं शेत आहे का ते बघायला गवंड्याची लेव्हल पाईप घेतली, बाजूच्या मोठ्या तिवराच्या बुंध्याशी एक टोक आणि शेतात दुसरं. बांधाआड वर्षानुवर्षं गाळ आला नाही की जमीन खाली बसते. आमच्याकडे खांडीजवळ हातभर खाली निघाली, मागच्या बाजूला जवळपास सारखी. हातभर खाली म्हणजे गाळ भरेपर्यंत तिथे तळंच राहणार.

पैशाचं म्हणाल तर सरकारची २०१७ ची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे, त्यात गटाने चिंबोरी (खेकडे), कालवं (शिंपले), जिताडा मासा असलं पाळता येतं. हौशीने एकट्याने उडी मारू नका, गट असेल तरच.

आता मामाला मी म्हटलंय, खांडीकडचा भाग खाडीला सोड आणि मागच्या चढाच्या तुकड्यापुढे आतून छोटा बांध घाल, लांबी कमी, राखायला सोपा, पुढे तिवर वाढलं की लाटा पण तेच अंगावर घेईल. तो हो म्हणत नाहीये. आजोबांनी खाडीकडून घेतलेली जमीन परत द्यायची हेच त्याला पटत नाही. काल मामीने फोनवर सांगितलं, खांडीच्या तोंडाशी बोटभर उंचीची चौदा रोपं आलीत. तिने मोजलीत.