पातेरा उडवायचा ब्लोअर : दोन उन्हाळे वापरून

लांजा तालुक्यात आमचं कौलारू घर आहे. मागे काजूची बाग, तिच्या वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. गेल्याच्या गेल्या मार्चात सड्यावरून वणवा उतरला. कुणाची भाजावळ (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं) हाताबाहेर गेली की कुणी बिडी टाकली, कोण कबूल करणार? काजूची अकरा कलमं गेली. आग गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी अडली, पण ठिणग्यांना कसला गडगा? एक जळकं पान वाऱ्याबरोबर येऊन पन्हळीतल्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाचोळ्यात पडलं नि धूर निघायला लागला. भावजींनी शिडी लावून कळशी ओतली, म्हणून आज हे लिहितेय.

त्यानंतर पंधरा दिवसांत हा हातात धरायचा पेट्रोलचा ब्लोअर घेतला. साडेतेरा हजार पडले. पूर्वी मागीलदार आणि बाग झाडायला दोन बायका तीन दिवस खराटे घेऊन लागायच्या, आणि चौथ्या दिवशी परत पाचोळा. आता सकाळी सात ते साडेनऊ मी एकटी घराभोवतीचा दहा-बारा पावलांचा पट्टा लाल माती दिसेपर्यंत साफ करते. गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत खराटा शिरत नाही. तिथे नळी नुसती टेकवायची, वर्षानुवर्षांचा भुगा भसाभसा बाहेर पडतो. ते बघायला मला अजून मजा येते. पातेरा मात्र घराकडून बाहेर ढकलायचा आणि लगेच लांबच्या खड्ड्यात भरायचा. दहानंतर खालून वारा सुटला की केलेलं सगळं परत अंगणात!

गवत याने जात नाही. बेणणी, म्हणजे गवत काढणं, आधीच करून घ्यावी लागते, त्याची मजुरी वेगळी धरा.

कौलांवर मी फसले. पन्हळ झटक्यात साफ झाली, म्हणून तसाच जोर छपरावर लावला, तर दोन तडकलेली मंगलोरी कौलं सरकली. फटीतून खाली माळ्यावरचा पेंढा दिसला! ठिणगी आत जायची वाट मीच करून ठेवली होती. कौलं बदलली, पेंढा गोठ्यापलीकडे हलवला, जळणाची माचही भिंतीपासून काढली. छपरावर आता मशीन अगदी हळू चालवते.

खरी तक्रार दुकानदाराबद्दल. लिटरभर पेट्रोलमध्ये चाळीस मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळायचं, एवढंच त्याने सांगितलं. पावसाळ्यात टाकी रिकामी करून ठेवायची, हे सांगितलं नाही. जानेवारीत दोरी ओढून ओढून खांदा गेला, शेवटी कार्बोरेटर साफ करायला साडेचारशे दिले. दुसरं म्हणजे सायलेन्सर भयंकर तापतो. वणव्यासाठी घेतलेलं मशीन सुक्या गवतात टेकवलंत तर वणवा तुम्हीच लावाल. मी ते कातळावर ठेवते, आणि गार झाल्याशिवाय पेट्रोल भरत नाही.

आग लागल्यावर हे चालवू का, असं जाऊबाईंनी विचारलं. वनखात्याची माणसं ब्लोअरने आगीपुढचा पाला बाजूला करून रेषा काढतात, पण ती शिकलेली असतात. आपण निखाऱ्यांवर वारा घातला तर ते चुलीत फुंकणीने फुंकल्यासारखंच. आमच्याकडे त्या वेळेसाठी आंब्याच्या फवारणीचा एचटीपी पंप आणि दोनशे लिटरचं भरलेलं बॅरल मागच्या दारी असतं. आग झोडपायला ओले डहाळे आहेतच. आणि वनखात्याचा 1926 हा नंबर पडवीत खडूने लिहून ठेवलाय.

पाचातले चार तारे. एक तारा आवाजासाठी कापला. कानात कापूस घालूनही दिवसभर घूं घूं राहतं. घ्यायचा तर डिसेंबरात घ्या, दुकानातच चालू करून बघा. शेजारचे अण्णा काल दोन दिवसांसाठी मागून गेलेत. दिला, त्यांचं आवार आमच्या गडग्याला लागूनच आहे. ऑइल त्यांचं.