शॉकअप बघून घेतलेली एमटीबी, नऊ महिन्यांनंतर

दसऱ्याला ही एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतली, हँडलला झेंडूचा हार वगैरे घालून, आणि आता जुलै चालू आहे. मीटरवर १,८६० किमी झालेत. म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण घेण्याआधी मीही ढीगभर रिव्ह्यू वाचले होते आणि ते सगळे दुकानातनं आणल्यावर आठवड्याभरात लिहिलेले, रंग मस्त, राइड स्मूथ, संपलं.

आधी माझं सांगते, नाहीतर पुढचं कोणाला लागू पडेल तेच कळणार नाही. वय ४३, उंची पाच फूट दोन, वजन ५४ किलो, राहते नवीन पनवेलला. सायकल साधी हार्डटेल, म्हणजे मागे शॉकअप नाही, पुढे स्प्रिंगवाला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, १०० मिमीपर्यंत दबणारा शॉकअपवाला चिमटा, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे दोन मागे आठ गिअर, साडेसत्तावीस इंची चाकं, एस साइज. ३६ हजारांच्या आसपास पडली. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण या किमतीत चार-पाच कंपन्यांच्या सायकली स्टिकर काढले तर एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतील.

दुकानातल्या मुलाने पहिल्यांदा मला पुढे बास्केट असलेली लेडीज सायकल दाखवली. मग एमटीबीच हवी म्हटल्यावर म्हणाला, मॅडम एम साइज स्टॉकमध्ये आहे, सीट खाली करून देतो. इथे फसू नका. सीट खाली होते पण हँडल तेवढंच लांब राहतं, मग हात ताणून ताणून तासाभरात मान आणि मनगटं गेलीच समजा. मी एस साठी अठरा दिवस थांबले आणि नऊ महिन्यांत एकदाही मान दुखली नाही, पैसे वसूल इथेच झाले माझ्या मते.

माझा नेहमीचा रस्ता माथेरान रोडचा. सुकापूर सोडलं की नेरे, मग वाजे, गाढेश्वर धरण, मालडुंगे आणि शेवटी माथेरानच्या पायथ्याला धोदाणी. जाऊन येऊन ३५-४० किमी, मधे चहाला थांबलं तर सकाळ संपते. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातनं निघून पनवेलच्या खाडीला मिळते आणि हा रस्ता बराचसा तिच्याच खोऱ्यातनं जातो, त्यामुळे चढ असा अंगावर येत नाही, हळूहळू लागतो, समोर माथेरानची भिंत आणि डावीकडे चंदेरीचा सुळका. नेऱ्यापर्यंत बिल्डिंगा, डंपर आणि धूळ. त्याच्यापुढे भातखाचरं, आंब्याची झाडं, ठाकरवाड्या, आणि डांबर सोडून आत जाणारे मुरमाचे रस्ते. खरी मजा या मुरमाच्या रस्त्यांवर आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या १,८६० मधले तेराशे तरी डांबरावरचेच असतील. एमटीबी घेताना हा हिशोब कोणी करत नाही, मीही नव्हता केला.

आता शॉकअप. मी ही सायकल खरं तर शॉकअप बघूनच घेतली होती, दुकानात हँडल दाबलं की छान खालीवर होतं ना, तेवढ्यावर भाळले. डिसेंबरमध्ये माझ्या मावसभावाने, तो ठाण्याचा, एक साधी गंमत करून दाखवली. फोर्कचा जो वरचा चकचकीत दांडा असतो त्याला खाली अगदी टेकून एक प्लास्टिकचा झिपटाय बांधला, घट्ट नाही, सरकेल इतपत. फोर्क जितका दबेल तितका तो टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. मग धोदाणीच्या अलीकडच्या दगडगोट्यांच्या उतारावरनं मी मुद्दाम आपटत आपटत आले आणि घरी येऊन पट्टीने मोजलं. ४६ मिमी. शंभरातले ४६! बाकीचे ५४ मिमी मी पैसे मोजून नुसती वाहून नेत होते.

कारण काही गूढ नाहीये. एका साइजच्या सगळ्या सायकलींत स्प्रिंग एकच बसवतात, आणि ती ७०-७५ किलोच्या माणसाला धरून असते. डावीकडे वर जी फिरवायची खुंटी आहे, ज्याला दुकानदार सॉफ्ट-हार्ड म्हणतो, ती फक्त स्प्रिंग आधीपासून किती दाबलेली असावी ते ठरवते, स्प्रिंगचा कडकपणा आहे तेवढाच राहतो. एअर फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते, पण तो आला की सायकलची किंमत पन्नाससाठच्या पुढे जाते. जाड्या नवऱ्याला हीच सायकल दिली तेव्हा टाय ८१ वर गेला, आणि तो म्हणतो शॉकअप एक नंबर आहे गं.

मग हादरे कमी झाले ते कशाने, तर टायरमधल्या हवेने. दुकानातनं येताना दोन्ही टायरमध्ये हवा ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होती, अंगठ्याने दाबून टणक लागली की झालं असा हिशोब. ५५ वर मुरमाच्या रस्त्यावर सायकल अशी उडते की दात वाजतात, आणि सैल खडीवर पुढचं चाक सरकतं. मी घड्याळवाला उभा पंप आणला, १,४०० रुपये, आणि दर रविवारी थोडी थोडी कमी करत गेले. चाळीस, पस्तीस, तीस. तीसला मला वाटलं कोणीतरी रस्ताच बदललाय, टायर दगडावर आपटायच्या ऐवजी दगडाभोवती बसतो. मग हाव सुटली, २४ केली, आणि मालडुंग्याच्या आधी मागचा टायर दगडावर रिमपर्यंत दबला आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. आता पुढे २७ मागे ३० ठेवते, टायर २.२ रुंदीचे आहेत, आत ट्यूब आहे, वजन ५४. तुमचं ८० असेल तर हा आकडा उचलू नका, दोन दिवसांत तुम्हालाही साप चावेल. व्हॉल्व कारसारखाच आहे त्यामुळे अडलं तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण तिथल्या पोराला आकडा सांगितला तर तो हसतो आणि चाळीस मारतोच.

ब्रेक या सायकलची सगळ्यात चांगली गोष्ट. एका बोटाने थांबते. एकच महिना वाईट गेला आणि त्यात ब्रेकचा दोष नव्हता. जानेवारीत सकाळी दव पडलं की डिस्क पहिल्या पाच मिनिटांत भयंकर किंचाळायची, सगळी सोसायटी जागी. आमचे वॉचमनकाका फार प्रेमळ. एका सोमवारी म्हणाले, ताई, तुमच्या सायकलचा आवाज घालवला बरं का, तेल सोडलंय. कुठे सोडलं काका? त्या गोल पत्र्यावर. खोबरेल तेल! दोन्ही डिस्कवर! मी खाली वाकून बघितलं तर डिस्क दिव्यासारखी चमकत होती आणि वास थेट आजीच्या वेणीचा. ब्रेक दाबला तर सायकल आरामात पुढे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ झाल्या, पण रेझिनचे पॅड तेल पितात, ते घासून, भाजून काही उपयोग झाला नाही, दोन्ही जोड्या बदलल्या, अकराशे रुपये. काकांना ओरडणार कशी, त्यांनी स्वतःची बाटली वापरली होती. आता सायकल घरात, गॅलरीत.

पावसाळ्याचं वेगळं सांगते कारण आपल्याकडे चार महिने तोच असतो. आवणीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल येतो, तो डिस्कवर उडतो आणि पॅड वाळूकागदावर घासल्यासारखे झिजतात. त्या जानेवारीत घातलेले पॅड आता जूनअखेर पुन्हा संपले. मडगार्ड लावा, लोकं हसली तरी लावा. धरणाच्या बाजूला पावसाळ्यात बंदी असते, ती पाळा, आणि फरशी पुलावरनं पाणी जात असेल तर घोटाभर का असेना, परत फिरा. मी दोनदा फिरले, त्यातल्या एकदा नेऱ्याच्या बाजूला रस्त्याकडेला बसलेल्या मावशींकडनं हँडलच्या पिशवीत मावतील तेवढी कंटोली घेऊन आले, म्हणजे फेरी फुकट नाही गेली.

आणि एक चूक माझी. मेमध्ये आळस करून कारवॉशला नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतली. दिसायला नवी कोरी. दहा दिवसांनी पेडलवर जोर दिला की कटक-कटक, पाणी बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडल ज्या दांड्यावर फिरतात तिथल्या, बेअरिंगमध्ये शिरलेलं. ते बदललं. आता बादली, फडकं आणि जुना टूथब्रश.

मधे चार दिवस ठाण्याला मावशीकडे सायकल घेऊन गेले होते, उपवनवरनं येऊरचा चढ करायचा म्हणून. चढ सुंदर आहे, सावली आहे, सगळ्यात लहान गिअरवर बसून आरामात होतो. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, बिबट्यांचं घर, आतल्या वाटांना परवानगीशिवाय जायचं नाही, आणि रविवारी डांबरावर गाड्यांची रांग. तिथे एमटीबीचं काय काम, हायब्रिडही, म्हणजे डांबरासाठीची बारीक टायरवाली सायकलही, चालेल.

परत घेईन का? हीच नाही घेणार. एवढ्याच पैशात शॉकअप नसलेली, साधा ताठ फोर्क आणि रुंद टायरवाली मिळाली तर ती, किलोभर तरी हलकी होईल आणि लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करताना पाठ वाचेल. वजन ७० च्या वर असेल तर मात्र हिच्यावर डोळे झाकून जा. चेन गेजने (ताण मोजायच्या पट्टीने) बघितली तर ०.५ टक्क्याच्या पुढे ताणलीये, म्हणजे पाऊस संपेपर्यंत ओढायची नाही, नाहीतर कॅसेट, म्हणजे मागची दातेरी चक्रं, खाईल. नवी आणून ठेवलीये, नऊशेला.

रविवारी उघडीप मिळाली तर वाजेपर्यंत जाईन म्हणते, पुढचा टायर २६ वर ठेवून बघायचाय.