हातात धरायचा स्पेक्ट्रोस्कोप, एका ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचा रिव्ह्यू (४ स्टार)

भाच्याच्या सायन्स एक्झिबिशनसाठी मागवला होता, आता तो माझ्या मशीनच्या खणात कात्रीशेजारी असतो. ३९९ रुपये, ऑनलाइन, फोंड्याला पाच दिवसांत आला. प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारी काळी प्लास्टिकची नळी, एका टोकाला फट, डोळा लावायच्या बाजूला पारदर्शक फिल्म आणि आत रंगांच्या खाली छापलेली ४०० ते ७०० नॅनोमीटरची पट्टी (कुठला रंग कुठे ते सांगणारे आकडे). एवढंच. सेल नाही, चार्जिंग नाही, बिघडायला काही नाही.

आता मी टेलर, मला हे कशाला लागतं ते सांगते कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. मे महिन्यात एका वहिनींनी लग्नासाठी वांगी कलरची साडी आणली आणि मॅचिंगचं कापडही त्यांनीच दुकानातून आणलेलं, माझ्याकडे ट्यूबखाली दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर इतकं एकसारखं की टाके पण त्याच दोऱ्याने घातले. लग्न मंगेशीला, देवळाच्या अंगणात ऊन, आणि तिथे साडी लालसर वांगी आणि ब्लाऊज निळसर. फोटोत तर आणखीच उठून आलं. वहिनी मला काही बोलल्या नाहीत, पण माझ्या मनाला फार लागलं. पंधरा वर्षं कापड बघतेय मी.

आपल्या आया कापड घेताना दुकानाच्या दारात नेऊन बघायच्या ना, "उजेडात बघूया" म्हणून, त्यामागे काय आहे ते मला या नळीतून कळलं.

पहिल्यांदा दारातून आभाळाकडे धरली (सूर्याकडे कधीही धरायची नाही, डोळा जाईल, मुलांना हातात देण्याआधी दहा वेळा सांगा). जूनचं ढगाळ आभाळ, वर नुसतं राखाडी, आणि आत बघते तर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत अख्खा पट्टा, कुठेही खंड नाही, एक रंग दुसऱ्यात विरघळलेला. शाळेतला तानापिहिनिपाजा आठवला, पण इथे सात भाग काही दिसत नाहीत, सलगच आहे सगळं. भाच्याने वाचून सांगितलं की न्यूटनने १६६६ च्या सुमाराला लोलकातून प्रकाश फोडला आणि सात रंग मोजले ते सप्तसुरांशी जुळावेत म्हणून. मला हे आवडलं, भजनाला पेटी वाजवणारा कोणीही असंच केलं असतं. एक फरक मात्र सांगते, लोलकात जांभळा जास्त वळतो आणि या नळीत तांबडा जास्त वळतो, कारण आतली फिल्म म्हणजे काच नाही, तिच्यावर एका मिलिमीटरला शेकडो अतिबारीक रेघा आहेत, सीडीवर इंद्रधनुष्य दिसतं तेच तत्त्व.

मग नळी माझ्या ट्यूबकडे वळवली. साधी पांढरी एलईडी ट्यूब, तीन वर्षांपूर्वीची. डोळ्यांना ती आभाळापेक्षा पांढरी वाटते, पण नळीत निळ्यात एकदम झगझगीत पट्टा, त्याच्यापुढे निळ्या-हिरव्याच्या मध्ये अंधुक खड्डा, मग हिरवा-पिवळा भरपूर, आणि तांबडा लवकरच मावळलेला, आभाळात जिथपर्यंत गडद तांबडा जातो तिथपर्यंत तो पोचतच नाही. पांढऱ्या एलईडीत मुळात निळाच दिवा असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा, आणि त्याच्यावर पिवळसर पावडरीचा लेप. थोडा निळा आरपार येतो, बाकीच्याचा लेप पिवळा-हिरवा-तांबडा करतो, आणि आपल्या डोळ्यांना ते मिळून पांढरं. हा निळा एलईडी बनवला म्हणून तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, वीजबिल कमी झालं ते त्यांच्यामुळे, तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

पण माझ्या ब्लाऊजचं उत्तर इथेच होतं. वांगी रंग म्हणजे कापड निळा आणि तांबडा असे दोन्ही परत पाठवतं. साडीचा डाय गडद तांबडा जास्त परत पाठवणारा, ब्लाऊजपीसचा डाय वेगळा. माझ्या ट्यूबमध्ये तो गडद तांबडा जवळजवळ नाहीच, मग साडी परत काय पाठवणार? आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, त्यांना पट्टा दिसत नाही, प्रत्येक प्रकाराला फक्त आपल्या वाट्याची बेरीज कळते, आणि त्या उजेडात दोन्ही कापडांची बेरीज सारखी आली. उन्हात तांबडा मिळाला आणि बेरीज बदलली. म्हणजे ट्यूबखाली ती जुळली होती हेही खरं आणि अंगणात जुळली नव्हती हेही खरं. डाळिंबी, राणी, मरून, चिंतामणी या रंगांत हे जास्त होतं, मोती किंवा लिंबू कलरमध्ये मला तरी फारसं दिसलं नाही.

घरातल्या बाकीच्या दिव्यांची तपासणी एका संध्याकाळीच झाली. न्हाणीघरातला जुना सीएफएल म्हणजे सुट्ट्या रेघा, एक निळी, एक कडक हिरवी, एक केशरी-तांबडी, मध्ये काळोख. देवासमोरची समई आभाळासारखी सलग, फक्त निळा कमी.

आणि मीठ. हे नक्की करून बघा, मोठ्यांनी. बांबूची काडी मिठाच्या पाण्यात भिजवून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरली की ज्योत पिवळीधमक होते आणि नळीत पिवळ्याच्या जागी एकच चकचकीत रेघ, सोडियमची, ५८९ ला. दुसऱ्या दिवशी सकाळी फट टेप लावून अगदी अरुंद करून आभाळाकडे बघितलं तर त्याच जागी एक केसाएवढी काळी रेघ. तीच जागा! फ्राउनहोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१४ मध्ये सूर्याच्या प्रकाशात अशा शेकडो काळ्या रेघा मोजल्या होत्या, आणि पुढे १८५९ मध्ये किर्चॉफने उलगडलं की सूर्याच्या बाहेरच्या थरातला सोडियम तेवढाच पिवळा गिळून टाकतो. आमच्या आगरातल्या मिठात जे आहे ते सूर्यात आहे, आणि हे मी स्वयंपाकघरात उभी राहून बघितलं. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. १८६८ च्या खग्रास ग्रहणानंतर याच पिवळ्या रेघेच्या अगदी शेजारी आणखी एक वेगळी रेघ मिळाली, त्यातून हेलियम वायू कळला, पृथ्वीवर तो सापडायच्या २७ वर्षं आधी.

आता वस्तूतले दोष. एक, पट्टी नीट बसवलेली नाही. सीएफएलची हिरवी रेघ ५४६ ला यायला हवी ती माझ्या नळीत ५६५ च्या आसपास दिसते, म्हणजे आकडे वाचताना १९-२० वजा करावे लागतात. भाच्याने नवी पट्टी कागदावर काढून चिकटवली तेव्हा ठीक झालं. शाळेसाठी घेणार असाल तर आधी सीएफएलवर तपासा. दोन, फट फार रुंद येते, त्यामुळे बारीक काळ्या रेघा दिसतच नाहीत. दोन्ही बाजूंनी काळी इन्सुलेशन टेप लावून ती अरुंद केली तेव्हा कुठे जमलं. तीन, विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं नाही. म्हणून एक स्टार कापला.

नळी बघून मी कटिंग टेबलावरची ट्यूब बदलली. दुकानदार "वॉर्म घ्या, पिवळा उजेड" म्हणत होता पण ती वेगळी गोष्ट, पिवळट-पांढरट हे केल्व्हिनमध्ये मोजतात आणि रंग किती खरे दिसतात ते सीआरआयमध्ये. खोक्यावर सीआरआय ९० च्या वर बघा. त्यातही 'आर नाईन' दिलेला असेल तर तो वाचा, तो गडद तांबड्याचा आकडा आणि नेहमीच्या सीआरआयच्या सरासरीत तो धरतच नाहीत, म्हणून ८० वाली ट्यूब चांगली वाटते आणि कुंकवाचा रंग मेलेला दिसतो. पैसे दुपटीच्या वर गेले. नव्या ट्यूबमध्ये नळीतून तांबडा टोकाकडे बराच लांबपर्यंत दिसतो, निळ्याचा तो झगझगाट तेवढा नाही.

आषाढात दारात नेऊन बघायला उजेड असतो कुठे, चार वाजताच काळोख. गेल्या आठवड्यात त्याच वहिनी आल्या, तीच वांगी साडी आणि दुकानातून आणलेले तीन तुकडे. जुन्या ट्यूबखाली तिन्ही चालले असते. नव्या ट्यूबखाली दोन बाजूला पडले, तिसरा ठेवला, आणि पाऊस जरा थांबल्यावर तो घेऊन आम्ही दोघी दारात गेलो.